आधी आमचे, मग त्यांचे

तीन दिवस झाले, खाडीत एक होडी हलली नव्हती! होड्या चाळीस, त्या हाकणारे तांडेल चाळीस, वाराही झकास. पण पहिली होडी कोणाची सुटायची, इथेच घोडं अडलं होतं.

चिमाबाईला हे भांडण तोंडपाठ झालं होतं, कारण तिचा नवरा त्रिंबकपंत होड्यांच्या घाटावरचा कारकून. रोज दुपारी पंत जेवायला यायचे आणि ताटावर बसून भांडणच वाढायचे.

त्याचं असं झालं. महीपत राजाचं लग्न झालं आणि खाडीपलीकडचं केवडेबंदर त्याला सासऱ्याकडून आंदण मिळालं. आंदणात भांडीकुंडी आली असती, तर फळीवर मांडून मोकळे झाले असते. इथे आले वीस तांडेल, आपापली ज्येष्ठता काखोटीला मारून! अलीकडच्या कातळबंदरात आधीचे वीस होतेच. राजाने हुकूम काढला, आता तांडा एक आणि यादी एक. यादीत जो वर, त्याला मोठी होडी आणि सकाळचा गारवा. जो खाली, त्याला गळकी होडी आणि रणरणतं ऊन.

"मी तीस पावसाळे पाहिलेत!" कातळबंदरचा म्होरक्या पोशा तांडेल छाती ठोकून म्हणाला.

"पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर उपडी असते!" केवडेबंदरचा म्होरक्या बुधाजी खेकसला. "तीस पावसाळे घरी लोळलास, आणि त्याची ज्येष्ठता मागतोस होय रे? आम्ही फेऱ्या मोजतो. माझ्या नऊ हजार झाल्या!"

"त्यातल्या निम्म्या जेवायला घरी जायच्या!"

राजाला एरवी याची फिकीर नव्हती. पण सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून खाडी ओलांडून आल्या होत्या आणि होड्या बंद, म्हणून मुक्काम लांबत चालला होता. राजवाड्यातला आचारी त्यांनी दोनदा बदलला होता, आणि आता त्यांची नजर दिवाणजींवर होती.

राजाने पंतांना बोलावलं. "उद्या दुपारपर्यंत यादी हवी! दोन्ही म्होरके पहिले हवेत, दुसरा कोणीच नको, आणि खाली दोघांची निशाणी हवी. नाहीतर यादीतलं शेवटचं नाव तुमचं. गळकी होडी तुम्ही वल्हवायची!"

पंत घरी आले ते घामाने निथळत. वीस वर्षं घाटावर कारकुनी केली, पण होडीत पाय म्हणून ठेवला नव्हता. खालच्या पायरीवर उतरायचं तरी ते कठडा घट्ट धरायचे, आणि पोहण्याच्या नावाने तर शंखच!

"अगं, दोघं पहिले कसे होतील? मेलो मी!"

चिमाबाई अंगणात कोकमं वाळत घालत होती. नवऱ्याचा पांढराफटक चेहरा पाहून तिच्या काळजात चर्र झालं. हा माणूस पाण्यात गेला तर परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तोंडाने ती एवढंच म्हणाली, "आधी हात-पाय धुवा. आणि दोन कोरे कागद द्या मला."

ती पोशाकडे गेली. "तांडेलदादा, यादी कशी हवी ते तुम्हीच सांगा, मी लिहिते. पण चाळीस नावं या चिटोऱ्यावर मावायची नाहीत, तेव्हा 'आमचे' आणि 'त्यांचे' एवढंच सांगा."

पोशा खूश झाला. "त्यात काय? लिही! आधी आमचे, मग त्यांचे!"

चिमाबाईने लिहिलं, त्याची नांगराची निशाणी घेतली आणि तशीच घाटावर तळ ठोकून बसलेल्या बुधाजीकडे जाऊन तेच विचारलं. बुधाजीने मिशीला पीळ भरत सांगितलं आणि खाली माशाची निशाणी केली.

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. पंत खांबाआड, चिमाबाई पुढे.

"पोशादादा, तुमच्या कागदात काही बदल?"

"काना नाही, मात्रा नाही!"

"बुधाजीदादा?"

"एक अक्षर हलवाल तर खबरदार!"

"मग महाराज, अभिनंदन! दोन्ही बंदरांचं एकमत झालं." तिने दोन्ही कागद वाचले. "आधी आमचे, मग त्यांचे. आधी आमचे, मग त्यांचे. अक्षर न् अक्षर सारखं! खाली दोघांच्या निशाण्या!"

दरबारात खसखस पिकली. राजाने भुवई चढवली. "बाई, थट्टा पुरे. आमचे म्हणजे कोणाचे?"

"जिथे उभं राहून वाचाल, तिथले! कागद दोन, बंदरंही दोन. एकेक कागद एकेका बंदराच्या खांबाला ठोका. कातळबंदरातून सुटताना पोशादादा पहिले, केवडेबंदरातून सुटताना बुधाजीदादा पहिले. मोठ्या होडीचं सुकाणू जाताना यांच्या हाती, येताना त्यांच्या. दोघंही पहिले, महाराज! दुसरा आहेच कुठे?"

"पण मग येताना मी मागे?" पोशा ओरडला.

"'मग त्यांचे' हे तुम्हीच सांगितलंत ना, दादा? बदलू का?"

पोशाने बुधाजीकडे पाहिलं. "नको नको, आहे तेच राहू द्या!" बुधाजी हसणार होता, पण आपली निशाणी आठवून त्यानेही मान डोलावली.

राजा मांडीवर थाप मारून हसला. "ठोका कागद! पहिल्या होडीने सासूबाईंना पोहोचवा!"

"आणि महाराज," चिमाबाई म्हणाली, "त्यांना परत यायलाही आता होडीची चिंता नाही!"

राजाचं हसू क्षणभर अडकलं, मग दुप्पट फुटलं. त्याने चिमाबाईला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि दप्तरात नेमणूकही केली. मग डोळे बारीक करून विचारलं, "पण यादीत तुझं नाव पंतांच्या वर घालायचं की खाली?"

चिमाबाईने खांबाकडे पाहिलं. पंत अजून घाम पुसत होते.

"ती यादी कधीच झाली आहे, महाराज! दप्तराच्या दारात आमचे हे पहिले, घराच्या दारात मी!"

महीपत राजा पोट धरून हसला आणि म्हणाला, "आणखी दोन पाटल्या आणा!"