कपिलेचा विटकरी दसरा

समुद्राकाठच्या एका गावात गुरांचे एक डॉक्टर होते, इथपर्यंत सगळेच मान्य करतात. पुढचं ज्याला पटेल त्याने घ्यावं.

डॉक्टरांकडे एक मोटारसायकल होती, तिचं नाव कपिला. वीस वर्षं खारा वारा खाऊन ती इतकी गंजली होती, की डॉक्टर कुठल्या गोठ्यात आहेत ते कुणाला विचारावं लागत नसे. रस्त्यावर सांडलेल्या गंजाच्या मागोमाग गेलं की ते सापडत. पण अडलेल्या गायीसाठी हाक आली आणि कपिला चालू झाली नाही, असं एकदाही घडलं नव्हतं.

दसऱ्याला देवीची पालखी वेशीवर शिलंगणाला जाई. वाटेत ती खाली टेकवायची नाही, असा नेम. पालखीपुढे एक मोटारसायकल आणि तिच्या मागच्या सीटवर नगारा वाजवणारा गुरव. हा मान वर्षानुवर्षं कपिलेचा. यंदा मात्र पंच म्हणाले, "डॉक्टर, देवीपुढे हे भंगार नको. गाडी नटवा, नाहीतर मान किराणावाल्या शेठच्या गाडीला."

डॉक्टरांच्या फार जिव्हारी लागलं. दसरा चार दिवसांवर! त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. तो कपिलेभोवती एक फेरी मारून म्हणाला, "एका दुपारचं काम. भोकांत पुट्टी, वर चंदेरी रंग. शेठची गाडी तशीच केली. खालचा गंज कोण बघतोय?"

"मी बघतोय ना! दसरा झाल्यावरही मलाच चालवायची आहे. गळू न फोडता वर हळद फासणारा डॉक्टर नव्हे मी."

रंगाऱ्याला वाटेला लावून डॉक्टर तारेचा ब्रश घेऊन अंगणात बसले. दोन दिवस नुसतं खरवडणं. गंज एवढा निघाला की कोंबड्या त्यात लोळून तांबड्या झाल्या आणि शेजारणीला स्वतःची पांढरी कोंबडी ओळखू येईना. तिसऱ्या दिवशी सीटखालचा थर सुटला आणि डॉक्टरांचा हात थांबला. सांगाड्याला बोटभर चीर होती!

वेल्डिंगवाल्याने ती सांधली, विटकरी प्राइमर मारला आणि बजावलं, "हवा दमट आहे. हा नीट वाळेपर्यंत वर रंग नको, पापुद्रे सुटतील."

दसऱ्याच्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, अशीच नेणार? चंदेरी डबा आणून ठेवलाय. फासा की थोडा, मान आपलाच."

डॉक्टरांनी डब्याचं झाकण अर्धं उघडलं, आत पाहिलं आणि परत दाबून बसवलं. "नको गं. एका दिवसाच्या मानासाठी एवढी मेहनत नासवू?"

"मग मान गेला म्हणून तोंड पाडून बसायचं नाही हं."

"तोंड कशाला पाडू? गाडी बघ की एकदा!"

देवळापाशी हशा पिकला. "डॉक्टर, म्हशीला गेरू फासलात काय?"

"गेरूच्या खाली लोखंड आहे, राव!" डॉक्टर छाती काढून म्हणाले. तरी मान शेठला गेला, तेव्हा त्यांनी कपिलेला घेऊन पालखीच्या मागची जागा धरली.

शेठची चंदेरी गाडी निघाली. मागे अडीच मणांचा गुरव, त्याच्या मांडीवर नगारा. उतारावर पहिला खड्डा आला आणि कडकन आवाज झाला. पुट्टी फुटली, सांगाडा मोडला. शेठ हँडल धरून दहा पावलं पुढे गेले. गुरव सीटसकट रस्त्यावर बसला होता आणि नगारा वाजवतच होता.

भोयांचे खांदे दुखू लागले. नगाऱ्याच्या गाडीशिवाय पालखी पुढे नेता येईना आणि खालीही टेकवता येईना. पंच ओरडले, "डॉक्टर, आणा हो तुमची गाडी!"

कपिला एका लाथेत चालू झाली. गुरवाला आणि नगाऱ्याला घेऊन ती खड्ड्यांतून अशी गेली, की लोक सांगतात, वाटेतल्या गायींनी माना वर करून पाहिलं. डॉक्टरांची मान तर वेशीपर्यंत खाली आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातला विटकरी प्राइमर संपला. गावभर गंजक्या गाड्यांवर लोक तो फासत सुटले. रंगातच जोर आहे म्हणे! शेठ तर दोन डबे घेऊन डॉक्टरांच्या दारात हजर. "डॉक्टर, एकदा मारू की दोनदा?"

"शेठ, आधी खरवडा. दंड दुखून घास तोंडाऐवजी कानात जायला लागला, की मग डबा उघडा."

तात्पर्य काय, तर जी वस्तू उद्याही वापरायची आहे, ती रंगवण्याआधी खरवडावी. खाली जे टिकलेलं निघेल, ते बिनरंगाचंही मिरवता येतं.