एक ओळ कमी पडणारी लोकर

एका राज्यात हिवाळा आला तो सात वर्षं हललाच नाही. त्याच राज्यात एका सकाळी तुंगाबाई विणकरणीच्या कानावर अर्धीच बातमी पडली. पाणवठ्यावर राजवाड्याची परटीण येसू सांगत होती, "राजाचा अंगरखा जी विणायला घेते ना, तिचे हात..." तेवढ्यात तिला तुंगाबाई दिसली. येसूने धुणं टोपलीत कोंबलं आणि चालू लागली, कारण या खेपेचं बोलावणं तुंगाबाईलाच आलं होतं.

उरलेली बातमी गावाने दुपारपर्यंत आपापल्या परीने पुरी केली. कुणी म्हणे हात दगडाचे होतात, कुणी म्हणे बोटांच्या जागी मेंढीचे खूर फुटतात. तुंगाबाईला ना नवरा, ना शेत. होते ते हे दोन हात. पण राजाज्ञा ती राजाज्ञा. सुया पदरात बांधून ती निघाली.

राजवाड्याच्या कोठारात लोकरीच्या तीन पेट्या होत्या, सोनेरी, ढगाची आणि मोरपिशी, आणि राखणीला एक साळुंकी. तिनेच सगळं सांगितलं. राजा धवलसेनाने ही लोकर एका जादूगाराकडून घेतली, आणि पेट्या भरल्या तरी 'आणखी' म्हणत राहिला. जादूगाराने शाप दिला: राजासाठी कोणताही नमुना विणा, लोकर एक ओळ कमी पडेल, लोकर संपून अपुरी राहिलेली वीण त्याच सांजेला उसवेल, आणि राजाला ऊब मिळेपर्यंत राज्यात ऊन पडणार नाही.

"कामं तीन," साळुंकी म्हणाली. "लोकर निवड. नमुना निवड. अंगरखा पुरा कर."

"आधीच्या बायांनी काय निवडलं?"

"सहाहीजणींनी सोनेरी लोकर आणि मोराचा नमुना."

"आणि त्यांचे हात?"

"तेवढं विचारू नकोस."

खरं सांगायचं तर तुंगाबाईचाही हात आधी सोनेरीकडेच गेला होता. पण कुठलीही लोकर घ्यायची तर आधी चार बोटांचा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा, अशी तिची रीत. तिने तिन्हींचे तुकडे केले. सोनेरी मानेला लावला तर टोचला. ढगाच्या लोकरीचा धुतल्यावर आटून नखाएवढा झाला. मोरपिशी लोकरीला मेंढीचा वास येत होता, पण तुकडा होता तेवढाच राहिला. तिने मोरपिशी घेतली.

मग पेट्यांवर ठेवलेले तीन लिखित नमुने. मोराचा तुरा शेवटच्या ओळीत यायचा. ती ओळ नसली की मोर बोडका. वेलीच्या पिळांना लोकर फार लागते. तिसरा नमुना अगदी साधा, सुलट-उलट टाक्यांचा, गळ्यापासून सुरू होऊन खाली उतरणारा. तुंगाबाईने तो दोनदा वाचला. त्यात शेवटची ओळ दिलेलीच नव्हती.

"हाच," ती म्हणाली.

तिने टाके घातले. दर ओळीला गारठा बोटांत चढत गेला. छातीपर्यंत विणून झालं तेव्हा नखं पांढरी पडली होती, पोटापर्यंत आली तेव्हा बोटं वाकेनात. पंधराव्या दिवशी तिने सुई काढून टाके निसटू नयेत म्हणून सुतळीवर घेतले आणि अंगरखा तसाच राजाच्या अंगात चढवून पाहिला.

"हा संपतो कुठे?" राजाने विचारलं.

"महाराज पुरे म्हणतील तिथे."

"मग गुडघ्यापर्यंत विण."

तुंगाबाईने टाके पुन्हा सुईवर घेतले. एक ओळ झाली, दुसरी झाली. गारठा मनगटाशी आला. तिसऱ्या ओळीला सुई हातातून गळाली. तिने ती उचलली, पुन्हा गळाली. तेव्हा तिचे हात राजाच्या दृष्टीस पडले. ते कोपऱ्यातल्या संगमरवरी दिव्यासारखे पांढरे झाले होते.

"पुरे," तो म्हणाला. "बंद कर, बाई."

तिने कसेबसे टाके बंद केले. अंगरखा कमरेच्या खाली चार बोटं उतरला होता, आणि वीतभर लोकर उरली होती. सांज झाली, एकही टाका उसवला नाही. राजाच्या कपाळावर घाम आला. सकाळी अंगणाअंगणांत ऊन पडलं आणि आधीच्या सहाजणींच्या बधिर झालेल्या हातांत पुन्हा जीव आला.

तुंगाबाईच्या नऊ बोटांतही आला. उजवी तर्जनी, जिच्यावरून लोकर धावते, ती तेवढी गारच राहिली.

पाणवठ्यावर येसूने ती हातात घेऊन दाबून पाहिली. "म्हणजे हात दगडाचे नाही झाले?"

"नाही गं. बोट वाकतंय की."

येसू जरा हिरमुसली. मग तिने ते गार बोट उन्हाने तापलेल्या आपल्या कपाळाला लावलं आणि बराच वेळ सोडलं नाही.