भागुजीनं मोटर फिरवली

एका गावात एक भोळा भागुजी होता. भोळा असं त्याची आई म्हणायची. गावाचा शब्द वेगळा होता.

भागुजीचं लग्न चंद्रकलेशी ठरलं होतं. तिचं नुसतं नाव निघालं तरी त्याचा घास तोंडातच राहायचा. पण सासरा म्हणाला, "आधी काही कामधंदा धर." म्हणून भागुजी नागूआण्णांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात चिकटला. आण्णा तिशीतले, बिनलग्नाचे आणि तापट.

गणपतीपुढं लाकडी उंदीर पळवायचा होता. आण्णांनी छोटी मोटर दिली, टायमर दिला. भागुजीनं टायमर जपून खिशात ठेवला आणि मोटर दिवसभर चालवली. मोटर जळाली.

"गाढवा, थोडं चालवायचं, थोडं थांबायचं!"

"असं होय! आता चुकायचो न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरपंचांची जीप चढावर बंद पडली. भागुजीनं ती थोडी ढकलली आणि बाजूला होऊन थोडा थांबला. जीप सरपंचांसकट उकिरड्यात गेली.

नवी मोटर आली. उंदीर उलटा पळू लागला.

"उलटं चाललं की वायरींची टोकं बदलायची, बैला!"

"असं होय! आता चुकायचो न्हाई."

संध्याकाळी म्हैस गोठ्यात शिरेना, उलटी मागं सरकू लागली. भागुजीनं गळ्यातली दोरी सोडून शेपटीला बांधली आणि ओढली. पुढं बरेच दिवस तो उभ्यानं जेवला.

मग त्यानं मोटर थेट टायमरला जोडली. धूर निघाला. आण्णांनी कपाळावर हात मारला.

"अरे, टायमर नाजूक, मोटर दांडगी. थेट जोडायचं नाही! मध्ये रिले घालायचा, म्हणजे मधला खटका. मधला सगळा भार घेतो."

"असं होय! आता चुकायचो न्हाई."

दुसरा टायमर आला, मध्ये रिले बसला आणि उंदीर झकास पळाला. सासरा खूश झाला. "पण मांडवात येडेपणा केलास, तर पोरगी माघारी नेईन," म्हणाला.

तुळशीचं लग्न झालं आणि भागुजीच्या लग्नाचा मांडव उभा राहिला. भागुजी मनात 'आता चुकायचो न्हाई' घोकत होता. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला. समोर हार घेतलेली चंद्रकला. नाजूक. भागुजीनं स्वतःकडं पाहिलं. दांडगा! आणि मध्ये होतं तेवढंही या शहाण्यांनी काढून घेतलं!

"आण्णा, मधी या!" म्हणत त्यानं अक्षता टाकणाऱ्या आण्णांना दंड धरून ओढलं.

चंद्रकलेची मान लाजेनं खाली होती. हार आण्णांच्या गळ्यात पडला. वाजंत्री कडाडली.

तिनं वर पाहिलं, आण्णांना नीट न्याहाळलं आणि पुन्हा लाजली. सासरा म्हणाला, "दुकानवाला जावई! गप लग्न लावा पुढं."

आणि भागुजी मांडवभर सांगत सुटला, "बघा, या टायमाला काही जळलं न्हाई!"