चेअरमनच्या गाडीचं तोंड

आडवळे नावाच्या एका गावात लहानू नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. गावात दुसरं कोणी भोळं नव्हतं असं नाही, पण बाकीचे ते लपवून ठेवत. लहानूला लपवणं जमत नसे. त्याला कोणी काही सांगितलं की तो म्हणे, "कळलं." आणि लहानूला एकदा कळलं की पुढं कोणाचं काही चालत नसे.

गाडी मात्र तो झकास चालवी. आजवर त्याच्या चार नोकऱ्या गेल्या, त्यातली एकही गाडी चालवण्यामुळे गेली नव्हती. चारही कळण्यामुळे गेल्या होत्या.

एसटी स्टँडसमोर हणमंत मिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्रींची मुलगी सगुणा लहानूला फार आवडे. तिलाही तो आवडे; का आवडे, ते मिस्त्रींना कळत नसे. शेवटी त्यांनी लहानूला गॅरेजात बसवून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "दूध डेअरीच्या चेअरमनला ड्रायव्हर पायजे. नवरात्राच्या पहिल्या माळेला कामावर चढ. दसऱ्यापर्यंत टिकलास, तर दसऱ्याला गावासमोर तुला टिळा लावतो. सोयरीक पक्की. न्हाय टिकलास, तर ह्या दारात पुन्हा यायचं न्हाय."

"नऊ-धा दिवस तर हायेत," सगुणा आतून म्हणाली. "तू काय करू नकोस, म्हंजे झालं."

"कळलं," लहानू म्हणाला, आणि मिस्त्रींनी भिंतीवरच्या देवाला हात जोडले.

चेअरमन म्हणजे दिनकरराव घोलप. त्यांनी नुकतीच लाल रंगाची छोटी टर्बो गाडी घेतली होती. त्या गाडीच्या बॉनेटवर एक तोंड होतं. पुढच्या बाजूला आ वासलेलं, काळ्या जाळीचं. आडवळ्यात डोक्यावर तोंड असलेली गाडी कोणी पाहिली नव्हती. चेअरमन पारावर बसून सगळ्यांना समजावून सांगत, "ह्या तोंडातून गाडी वारा पिते. वारा प्याली की टर्बोला जोर येतो."

एक दिवस हणमंत मिस्त्री आले. त्यांनी त्या तोंडात बोट घातलं. बोट अर्ध्या पेरावर अडलं.

"चेअरमन," मिस्त्री म्हणाले, "टर्बो इंजिनात वारा दाबून भरतो. दाबला की वारा तापतो. तो थंड करायला भायेरचा वारा लागतो. काही गाड्यांत तो असा वरनं घेत्यात. तुमच्या गाडीत तो खालनं, बंपरच्या जाळीतनं येतो. हे वरचं नुसतं चिकटवलंय. ह्या तोंडाला घसाच न्हाय."

पारावर हशा झाला. चेअरमन लाल झाले. "नसेना घसा! दिसतंय ना तोंड? सगळंच कामाला लावलं तर शोभेला काय ठेवायचं?"

चेअरमनना शोभेची आवड पहिल्यापासून होती. डेअरीसमोर त्यांनी सिमेंटची गाय बसवली होती. डेअरीला छप्पर यायच्या आधी ती गाय आली होती.

पहिल्या माळेला लहानू कामावर चढला. गाडी धुताना त्याने त्या तोंडात काथ्या घालून खसाखसा घासायला सुरुवात केली. चेअरमन धावत आले.

"अरे, ते शोभेचं आहे! शोभेच्या वस्तूला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"कळलं," लहानू म्हणाला.

तिसऱ्या माळेला चेअरमनना तालुक्याला जायचं होतं. अर्ध्या वाटेत स्टिअरिंगमागे एक छोटा लाल दिवा लागला. लहानूने आजवर इतका सुरेख दिवा बघितला नव्हता. तो नुसता बघत राहिला. हात म्हणून लावला नाही. तीन मैलांनंतर बॉनेटच्या कडांतून वाफ निघाली आणि गाडी एका बांधाला टेकून उभी राहिली. चेअरमनचा पांढरा शर्ट घामाने भिजला.

"लाल दिवा दिसला नाही तुला?"

"दिसला की. शोभेचा हुता. तुमीच सांगितलं न्हवं, हात लावायचा न्हाय, नुसतं बगायचं?"

चेअरमननी कपाळावर हात मारला. "लाल दिवा लागला म्हणजे आत तापलंय. थांबायचं, सगळं गार झालं की झाकण उघडायचं आणि पाणी ओतायचं! शिरलं का डोक्यात?"

"कळलं," लहानू म्हणाला.

त्याच दिवशी त्याला हाकलायचं चेअरमनच्या मनात होतं. पण नवरात्रात सगळे ड्रायव्हर देवीच्या खेपा मारण्यात गुंतलेले, आणि चेअरमनना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी ती बसायला घेतली होती.

पाचव्या माळेला दूध संघाचे तपासनीस डेअरीत आले. चेअरमन त्यांना दूध थंड करायची स्टीलची मोठी टाकी दाखवत होते. टाकी चालू असली की तिच्यावर एक लाल दिवा लागे. लहानू दारात उभा होता. त्याने दिवा पाहिला. टाकीला हात लावला, गार लागली. गार झाली म्हणजे आता झाकण उघडायचं. त्याने झाकण उघडलं आणि कोणी काही म्हणायच्या आत दोन बादल्या पाणी दुधात ओतलं.

आडवळ्याच्या दुधात पाणी ही काही नवी गोष्ट नव्हती. पण तपासनिसांसमोर, दिवसाढवळ्या, बादलीने, हे पहिल्यांदाच घडत होतं. तपासनीस वहीत बराच वेळ लिहीत राहिले. मग चहा घेऊन गेले.

"काय केलंस हे!" चेअरमन ओरडले.

"लाल दिवा लागला हुता. तुमीच सांगितलं न्हवं?"

"अरे, ते प्यायचं होतं! जे प्यायचं असतं त्यात काही भलतं जाऊ द्यायचं नसतं. जिथून पितात त्या तोंडाला आधी फडकं बांधायचं, घट्ट!"

"कळलं," लहानू म्हणाला.

इकडे पारावर त्या तोंडाचा वाद काही मिटत नव्हता. दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, शोभा ही शोभाच असते, तिला काम विचारू नये. दुसरा म्हणे, मग उद्या दाराला नुसती कडी काढा रंगवून. शेवटी चेअरमन चिडले. "सातव्या माळेला देवीच्या घाटात बघा. पाच माणसं घालून गाडी वर नेतो. तोंड नसतं तर निम्म्यातच धापा टाकल्या असत्या. मिस्त्री, तुम्हीही बसा."

सातव्या माळेला पहाटे अंधारातच गाडी निघाली. चेअरमन पुढं, मिस्त्री आणि दोन गावकरी मागं, लहानू चाकावर. घाट चढताना चेअरमन प्रत्येक वळणाला म्हणत, "बघा, कशी वारा पितेय!" गाडी खरंच सरसर चढत होती.

वर देवळासमोर निम्मं गाव जमलं होतं. गाडी थांबली आणि लोक गाडीच्या पुढच्या बाजूकडे बघून हसायला लागले. चेअरमन उतरून पुढं आले. तोंडात लहानूचा टॉवेल कोंबलेला होता आणि वरून सुतळीच्या चार गाठी मारलेल्या होत्या.

"तुमीच सांगितलं न्हवं," लहानू म्हणाला, "जिथनं पितात तिथं फडकं बांधायचं? ही वारा पिते. वाऱ्यात धूळ लई असते, साहेब."

मिस्त्रींनी गाठी एकदा ओढून बघितल्या. "झकास बांधलंय," ते म्हणाले. "चेअरमन, तोंड बांधून गाडी घाट चढली. तोंड नसतं तर बहुतेक उडाली असती."

इतका अपमान चेअरमनचा निवडणुकीतही झाला नव्हता. खाली येऊन दारात गाडी थांबल्यावर त्यांचा बांध फुटला.

"दसऱ्याच्या आत हे तोंड आरपार झालं पाहिजे! मला नुसतं दाखवायचं काही नको. जे जे दाखवायला लावलंय ते सगळं कामाचं झालेलं पाहिजे!"

"सगळं?" लहानूने विचारलं.

"सगळं!"

"कळलं," लहानू म्हणाला.

लहानू गॅरेजात करवत मागायला गेला. मिस्त्रींनी त्याला समोर बसवलं. "अरे, भोक पाडायला अर्धा तास लागतो. पण खाली इंजिन हाय, वायरी हायेत. वरनं पाणी आलं तर ते बाजूला काढायची वाट करावी लागते. कामाचं तोंड पायजे असंल तर ते गाडी घडवतानाच घडवायचं. न्हायतर लावायचंच न्हाय. मागनं भोसकून काय हुत न्हाय."

"साहेबांनी वाट न्हाय सांगितली. आरपार सांगितलं," लहानू म्हणाला.

सगुणाने करवत लपवून ठेवली. पण गावात करवत ही काही एकाच घरी नसते. आठव्या माळेला लहानूने बॉनेट कापलं. नवव्या दिवशी खंडेनवमी होती, सगळी हत्यारं पूजेला बसली, म्हणून त्या दिवशी त्याने कशालाच हात लावला नाही. दसऱ्याला पहाटे मात्र तो उठून डेअरीवर गेला. तिथं एक काम राहिलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी चेअरमनच्या दारात गाडीची पूजा होती. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, हळदकुंकू. मिस्त्री नवा शर्ट घालून आले होते. सगुणाच्या हातात कुंकवाचं तबक होतं. लहानू चेअरमनच्या मागं उभा होता आणि घटका मोजत होता. पूजा संपली की नोकरी टिकली, नोकरी टिकली की टिळा.

चेअरमननी मिस्त्रींना खुणेने बोलावलं. "घाला बोट."

मिस्त्रींनी बोट घातलं. मग मनगटापर्यंत हात गेला. "आला घसा," मिस्त्री म्हणाले. "आता एवढ्यावर थांबा."

पण चेअरमन थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी त्या तोंडात ओतलं. वर पूजेचा तांब्याही रिकामा केला. "बघा रे सगळे! कुठं अडतंय का?"

कुठंच अडलं नाही. सगळं थेट इंजिनावर गेलं. लहानूने चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, एक निळा धूर सोडला आणि कायमची गप्प झाली.

चेअरमन सावकाश लहानूकडे वळले. त्यांनी बोट उचललं, तोंड उघडलं. सगुणाने डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात डेअरीकडून आरडाओरडा झाला.

"गाय पान्हावली! सिमेंटची गाय पान्हावली!"

सगळं गाव तिकडे धावलं. सिमेंटच्या गाईच्या पोटाखालून पांढऱ्याशुभ्र दुधाची धार लागली होती. बायका कळशा घेऊन आल्या. कोणी गाईच्या पायांवर डोकं टेकवलं. म्हातारी माणसं रडायला लागली. गाईच्या मागच्या अंगाने एक काळी नळी भिंतीतल्या भोकातून डेअरीत, टाकीच्या तोटीपर्यंत गेली होती. पण दुधाची धार सोडून गाईच्या मागं बघायला कोण जातो?

नळी दोघांनाच दिसली. मिस्त्रींना, कारण ते मिस्त्री होते. आणि चेअरमनना, कारण दूध त्यांच्या डेअरीचं होतं. चेअरमन लहानूच्या कानाशी लागले. "हे तू केलंस?"

"तुमीच सांगितलं न्हवं?" लहानू हळूच म्हणाला. "जे जे दाखवायला लावलंय ते सगळं कामाचं."

चेअरमन त्याला तिथंच हाकलणार होते. पण लोकांनी लहानूला खांद्यावर घेतलं होतं, कारण पहाटे गाईशी वाकलेला तोच दिसला होता. "चेअरमनची पुण्याई आणि लहानूचा हात!" असा गजर चालला होता. चेअरमननी गर्दीकडे बघितलं, पुढच्या निवडणुकीचा विचार केला आणि गाईला हात जोडले.

मग ते लहानूला बाजूला घेऊन दात आवळून म्हणाले, "नोकरी तुझी पक्की. जन्माची पक्की. पण आजपासून तू काहीही करायचं नाहीस. गाडी नाही, डेअरी नाही. ह्या गाईशेजारी खुर्ची टाकतो, तिथं बसायचं. आजपासून तू नुसता शोभेचा. कळलं?"

"कळलं," लहानू म्हणाला, आणि गाईशेजारी जाऊन ताठ बसला.

हणमंत मिस्त्रींना शोभेच्या वस्तूंचा तिटकारा होता. पण ते शब्दाला जागणारे होते. दसरा आला होता, नोकरी टिकली होती. सगुणा तबक घेऊन शेजारी उभी राहिली. इतकी हसरी ती नऊ दिवसांत दिसली नव्हती. सगळं गाव बघत होतं. मिस्त्रींनी अंगठ्यावर कुंकू घेतलं आणि लहानूच्या कपाळाकडे हात नेला.

लहानू झटकन मागं सरला.

"मामा, हात लावायचा न्हाय. मी शोभेचा हाय. नुसतं बगायचं."

मिस्त्रींचा अंगठा हवेत राहिला. त्यांनी लहानूकडे बघितलं, सगुणाकडे बघितलं. मग तोच अंगठा वळवून त्यांनी सिमेंटच्या गाईला टिळा लावला. तिने निदान एकदा तरी दूध दिलं होतं.