पाताळातला नखभर उजेड

एक होती हौसा. राजाही आहे गोष्टीत, पण तो येईल मागून. मला त्याचं कौतुक नाही.

तर हौसा तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायची. नवरा केरबा देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही. घर गावाच्या टोकाला. दिवसभर छिन्नीचा आवाज, आणि तो थांबला की काहीच नाही.

मग राजानं हुकूम केला, मला पाताळ कोरून दे, बघून लोक चळचळा कापले पाहिजेत. हौसानं पायऱ्या कोरल्या, साप कोरले, आणि गावातली जी जी माणसं गेली होती त्यांची रांग कोरली. सगळ्यात पुढे केरबा. आता कोरलेल्या रेघेत काजळ भरतात, बरं का, ती काळी होते. न कोरलेलं तांबं तेवढं चमकतं. म्हणून हौसानं रांगेसमोर नखाएवढं तांबं तसंच ठेवलं. तो पाताळातला उजेड. त्यानं प्रत्येकाची सावली मागे पडली.

आणि काय सांगू, दिवेलागणीला केरबाची सावली पत्र्यावरून उतरली नि चुलीपाशी येऊन बसली. हौसाच बोलली, भाजीत मीठ जास्त पडल्याचं, कौलं फुटल्याचं. त्या दिवशी तिला घास गोड लागला.

मग राजा आला. म्हणाला, उजेड फार झाला. हौसानं त्या उजेडातलं थोडं कोरलं. सावली चुलीपर्यंत पोचलीच नाही, मध्येच बसली. राजा पुन्हा आला, पुन्हा तेच. हौसानं आणखी कोरलं. सावलीचा नुसता हात पत्र्याबाहेर आला. तिसऱ्यांदा हौसा छिन्नी उचलेना. तेव्हा राजानं स्वतःच ओरबाडलं नि वर काजळ फासलं. अडाणी हात मेला! पत्रा सगळा काळा. त्यात साप दिसेना नि पायरी दिसेना. "हा तर तवा झाला," म्हणाला, आणि टाकून गेला.

मग दुसऱ्या दिवशी कुंभाराची सारजा दाराशी येऊन घुटमळली.

"हौसामावशी, माझी चिंगी रोज तिन्हीसांजेला यायची. सावली तिची. हल्ली अर्ध्या वाटेतच थांबायची, काल आलीच नाही गं."

हौसा बघतच राहिली. तिला वाटलं होतं, आपलाच तेवढा येतो.

कोरलेलं घालवायचं तर तांबं घासावं लागतं. उजेड हवा रांगेच्या तोंडाशी. तिथं राजानं इतकं खोल ओरबाडलेलं, की घासलं तर भोकच पडेल. उरली एकच जागा. केरबा उभा होता ती.

हौसानं पत्रा मांडीवर घेतला. मग तिनं कुरुंदाचा दगड घेतला. आधी त्याचे पाय घासले. तोंड शेवटी.

"नीघ तू," म्हणाली. "मी बघते माझं."

केरबा होता तिथं तांबं लखलखलं. मागच्या सगळ्यांच्या सावल्या लांब पडल्या, आणि तिन्हीसांजेला ज्या त्या आपापल्या घरी पोचल्या. सारजाच्या घरातून हसू ऐकू आलं. हौसानं ते ऐकलं. मग स्वतःपुरतं वाढून घेतलं आणि जेवली.

राजाकडे? कुणी गेलं नाही. रांगेत त्याचं कुणी नव्हतं.

झालं गाव सुखी. हौसासुद्धा, तिच्या परीनं. रडायचं नाही, सांगते ना मी. पाय पोटाशी घ्या आणि निजा.