प्रस्तावावरचं पहिलं नाव

एकदा एका आडगावच्या लहान महाविद्यालयाला संशोधनासाठी अनुदान मिळण्याची संधी आली. त्या महाविद्यालयाची एक रीत होती: प्रस्ताव कोणीही लिहो, काम कोणीही करो, पहिलं नाव सर्वांत ज्येष्ठ माणसाचं. याला तिथे संस्कार म्हणत. या संस्कारातून आजवर प्राचार्यांच्या खोलीतला एसी, काही चर्चासत्रं आणि ढीगभर शाली निष्पन्न झाल्या होत्या. संशोधन तेवढं राहून गेलं होतं.

यंदाचा प्रस्ताव तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापिकेने लिहिला होता. आता कोणी पेरत नाही अशी देशी ज्वारीची वाणं तिने वाड्यावस्त्यांवर हिंडून जमवली होती. बी जुनं होतं, त्याची उगवण घटत चालली होती. या रब्बीत पेरलं तर वाण वाचणार, नाहीतर डब्यात उरणार ते नुसते दाणे. पेरायला जमीन हवी, राखण हवी. तिच्याजवळ दोन्ही नव्हतं. रीतीप्रमाणे तिने पहिलं नाव आपल्या निवृत्त गुरूंचं घातलं. गुरू विद्वान, जिल्ह्यात मान असलेले. त्यांनी प्रस्ताव न वाचता सही केली. मोठी माणसं अशीच सही करतात.

विद्यापीठाची तज्ज्ञ समिती आली. प्राचार्यांनी शिष्येला आधीच बजावलं होतं की सर बोलतील, तुम्ही मागे बसायचं.

समितीच्या अध्यक्षांनी गुरूंना विचारलं, वाणं शेजारी-शेजारी पेरल्यावर त्यांचा संकर कसा टाळणार?

गुरू म्हणाले, "मला माहीत नाही."

प्राचार्य कसनुसं हसले. अध्यक्षांनी विचारलं, जमीन कोणती निवडली आहे?

"तेही माहीत नाही."

"मग सर, आपण इथे कशासाठी आलात?"

"माझं नाव वर आहे म्हणून."

खोलीत कोणी हसलं नाही. शिष्येला सगळी उत्तरं पाठ होती. गुरूंनी एकदा मागे वळून पाहिलं असतं, तरी पुरे होतं. ते चष्मा पुसत बसले. अध्यक्षांनी विचारलं, हे काम नक्की कोणाला माहीत आहे? गुरू गप्प. प्राचार्यांनी शिष्येवर असे डोळे वटारले की तिला आपली नोकरीच त्यांच्या मुठीत दिसली. अध्यक्षांनी फाइल मिटायला घेतली.

"कणसांना कागदी पिशव्या बांधणार," शिष्या बसल्या जागेवरून म्हणाली. "फुलोऱ्याच्या आधी." मग ती उभी राहिली आणि थांबलीच नाही.

सगळं ऐकून घेऊन अध्यक्ष म्हणाले, काम हिचं असेल तर पहिलं नावही हिचं हवं. तरच विचार करू. गुरूंनी तिथेच पेन मागून आपलं नाव खोडलं.

समिती गेल्यावर तिने गुरूंना व्हरांड्यात गाठलं. "सर, तुम्ही मला बुडवायला निघाला होतात."

गुरू शांतपणे म्हणाले, "मी बोट दाखवलं असतं, तर ती माझी कृपा ठरली असती. पुढच्या वर्षी पुन्हा कोणाच्या तरी कृपेची वाट पाहिली असतीस. बाई, आपलं काम आपल्या तोंडाने सांगता आलं पाहिजे."

कोणतीही जुनी गोष्ट इथे संपली असती आणि शिष्येने पाय धरले असते. हिने धरले नाहीत.

"आणि माझं तोंड उघडलंच नसतं तर? ज्वारी मेली असती. तुम्ही मात्र गुरूच राहिला असतात. सही करायच्या आधी नाव खोडलं असतंत, तर ही परीक्षा लागलीच नसती."

गुरूंकडे याला उत्तर होतं. पुष्कळ उत्तरं होती. त्यांनी एकही दिलं नाही. उलट विचारलं, "मला आता काय करता येईल?"

"पाखरं हाकायला माणूस लागेल," ती म्हणाली.

अनुदान मिळालं. पेरणी झाली, काही वाणं रुसली, बरीच उगवली. कणसं भरली तेव्हा गुरू रोज सकाळी मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवत. पाखरांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. ती आवाजाला उडत.

ज्येष्ठांचा मान राखायचाच असेल, तर त्यांना काम द्यावं. नाव देऊ नये.