चोचीखालचा कापूस

"पण ती पोरगी फुंकत का नाही?" बुवांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही," हेरंब म्हणाला. "बोटं बघाल तर अख्ख्या वर्गात कुणाची नाहीत इतकी नेमकी. भोक बरोबर झाकते, बरोबर उघडते. फुंकत तेवढी नाही."

बुवा अंगणात चटईवर बसून बासऱ्यांना तेल देत होते. काठीला चिंधी गुंडाळायची, तेलात बुडवायची आणि बासरीच्या आतून फिरवायची. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत, आणि समोरचा कितीही महत्त्वाचं बोलत असला तरी त्यांचा हात थांबत नसे.

हेरंब त्यांचा जुना शिष्य. श्वास लांब, बोटं हलकी, आणि आपलं वाजवणं चांगलं आहे याची त्याला स्वतःलाच भारी खात्री. तरी बुवांनी त्याला तोंडावर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. ते त्याला लागून राहिलं होतं.

आता तो तालुक्याच्या शाळेत संगीत शिक्षक होता. तिसरीच्या पोरांना रेकॉर्डर शिकवायचा. रेकॉर्डर म्हणजे प्लॅस्टिकची, चोच असलेली सरळ बासरी. चोच ओठांत धरून फुंकलं की वाजते. बुवा तिला पिपाणी म्हणत. हेरंबला ते आवडत नसे, पण बुवांना कोण सांगणार.

मुलीचं नाव गौतमी. आई घरी शिवणकाम करायची. स्नेहसंमेलन झाल्यापासून पोरगी रेकॉर्डर ओठांना लावायची, बोटं हलवायची आणि आत हवा म्हणून सोडायची नाही. हेरंबनं सगळं करून पाहिलं होतं. गोळ्या देऊन झाल्या, ओरडून झालं. एकदा दाराशी उभीसुद्धा केली. हे सांगताना त्याचा आवाज खाली आला.

"काल म्हटलं, नको वाजवूस, बाहेर जाऊन खेळ. तर तेही नाही. बसून राहिली बोटं हलवत."

"आधी फुंकायची?"

"आधी?" हेरंब थोडा हसला. "आधी कानात बोटं घालायची वेळ यायची, बुवा. गाल फुगवून, डोळे मोठे करून फुंकायची. स्वर फाटायचा. तिला त्याचं काहीच नाही. फाटला की आणखी जोरात फुंकायची."

"आणि संमेलनात कसं झालं?"

इथं हेरंबचा चेहरा उजळला. संमेलन फार छान झालं होतं. पाहुणे म्हणाले होते, एवढ्या लहान मुलांकडून असं कधी ऐकलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अख्खा वर्ग स्टेजवर, आणि स्वर एक, कुठं चरा नाही. हे तो पुष्कळांना सांगून चुकला होता, त्यामुळे आता भरभर सांगता येत होतं.

बुवांचा हात थांबला.

"तिसरीची पोरं. अख्खा वर्ग. आणि चरा नाही?"

"नाही."

"माझ्याच्यानं झालं नसतं. कसं केलंस?"

हेरंब अंगणात ओळीनं ठेवलेल्या बासऱ्यांकडे बघत राहिला...

मग त्यानं सांगितलं. संमेलनाच्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं ज्यांचा स्वर फाटतो त्यांचे रेकॉर्डर वेगळे काढले आणि चोचीखाली जी लहानशी खिडकी असते तिच्यात कापूस बसवला. हवा जाते, आवाज होत नाही. पोरांना काही सांगितलं नाही. सांगून उगाच कुणाला वाईट कशाला वाटू द्यायचं? बाकीच्यांच्या आवाजात त्यांना कळणारही नव्हतं.

"सगळेच काहीतरी करतात, बुवा. कुणी पोरांना मागे उभं करतं, कुणी नुसतं तोंड हलवायला सांगतं. मी निदान कुणाला वगळलं नाही."

"कळलं का त्यांना?"

"नाही. लालबुंद होऊन खाली आली सगळी. खूश होती. गौतमी धावत आली आणि म्हणाली, सर, माझं कसं झालं?"

"मग?"

"छान झालं, म्हणालो."

बुवांनी चिंधी पुन्हा तेलात बुडवली.

कापूस दुसऱ्या दिवशी काढायचाच होता. पण त्याच संध्याकाळी गौतमीच्या आईनं शेजारच्या बायकांना हौसेनं बोलावलं. पोरीला स्टुलावर उभं केलं. स्टेजवर वाजवलंस तसं वाजव म्हणाली. पोरीनं फुंकलं. पुन्हा फुंकलं. बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान मुलाला हसतात तशा हसल्या. पण स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला ते वेगळं कसं कळणार?

सकाळी ती रेकॉर्डर घेऊन हेरंबकडे आली. बिघडलाय, म्हणाली.

"मी चिमट्यानं कापूस काढला. हसलोसुद्धा. म्हटलं, बघ, झाला बरा. आता वाजेल." हेरंबनं तोंडावरून हात फिरवला. "बाकीच्यांचेही काढले. ती पोरं किंचाळत, रेकॉर्डर वाजवत बाहेर पळाली. ही तिथंच. कापसाकडे बघत होती. मग विचारलं तिनं..."

"काय?"

"काल पण होता का, सर?"

चिंधीतलं तेल चटईवर टपकत होतं. बुवांच्या लक्षात आलं नाही.

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. घंटा झाली. चुकलं माझं, बुवा. फार चुकलं. रोज तासाला ती समोर बसते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. काही सुचवा. तुम्ही इतक्यांना शिकवलंत."

बुवांनी हात पुसले. त्याच्या झोळीकडे बोट केलं.

"वाजव काहीतरी."

हेरंबला वाटलं, बुवा विषय बदलताहेत. पण गुरूनं वाजव म्हटल्यावर का विचारायचं नसतं. त्यानं बासरी काढली, डोळे मिटले आणि भीमपलास धरला.

दरवेळी तो बुवांना दाखवायला वाजवायचा. त्या दिवशी दाखवायचं काही उरलं नव्हतं. स्टूल डोळ्यांसमोर होतं. एका ठिकाणी श्वास थरथरला, तो त्यानं तसाच राहू दिला. इतकं खरं आपण आजवर वाजवलं नव्हतं हे त्याला वाजवतानाच कळत होतं. आज बुवा चांगलं म्हणतील, हेही कळत होतं.

शेवटचा स्वर विरला. त्यानं डोळे उघडले.

बुवा त्याच्याकडेच बघत होते. मान हळूहळू डोलत होती.

आणि दोन्ही कानांत कापूस होता. जुन्या चालीप्रमाणे बुवा कानाच्या घडीत अत्तराचा फाया ठेवत. त्याचेच दोन तुकडे करून त्यांनी घट्ट बसवले होते. आता ते त्यांनी एकेक करून काढले आणि चटईवर ठेवले.

"कधी घातलात?" हेरंबनं विचारलं.

"तू डोळे मिटलेस तेव्हा."

"म्हणजे... काहीच ऐकलं नाहीत?"

"छान झालं असेल."

हेरंबचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो म्हणाला, परत वाजवतो. त्यानं बासरी उचलली, ओठांना लावली, बोटं भोकांवर ठेवली...

थोड्या वेळानं त्यानं ती खाली ठेवली.

बुवांना त्याची दया आली. पोरगा वाईट नव्हता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"बुवा," हेरंबनं विचारलं, "ती परत फुंकेल का?"

"फुंकेल रे," बुवा म्हणाले. "कधीतरी, कुठंतरी फुंकेल. तू तिथं नसशील."